पाण्याच्या भांड्याशी घुटमळणारे मांजर

म्हातारे मांजर पाणी जास्त पिऊ लागले, की घरातल्या माणसांना बहुधा बरेच वाटते. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तहान लागत असेल, पाणी पिणे केव्हाही चांगलेच, असे म्हणून तो विषय तिथेच संपतो. मांजराच्या बाबतीत मात्र ही समजूत फसवी आहे. मांजर हा पाण्याच्या बाबतीत कमालीचा काटकसरी प्राणी आहे. त्याचे पूर्वज असलेले रानमांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात राहणारे. उंदीर-पाखरांच्या मांसातल्या ओलाव्यावर त्याचे भागत असे आणि मूत्र अतिशय दाट करून शरीरातले पाणी राखण्याची विलक्षण क्षमता त्याच्या मूत्रपिंडांत होती. घरातल्या मांजराने तो वारसा जपला आहे. तेव्हा आयुष्यभर पाण्याच्या वाटीकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर बाराव्या-तेराव्या वर्षी न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागले, तर त्याची मूत्रपिंडे थकली असण्याची शक्यता बरीच असते. मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीचा विकार हीदेखील कारणे असू शकतात. पण निदान काहीही निघो, ते करून घेणे आवश्यकच असते.

मूत्रपिंडाचा जीर्ण विकार हा उतारवयातल्या मांजरांचा सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक मानला जातो. मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांबरोबर, दुसऱ्या वर्षाअखेर २४ आणि त्यापुढे दरवर्षी ४, असा ढोबळ हिशेब पशुवैद्यक सांगतात. त्या हिशेबाने १० वर्षांचे मांजर म्हणजे ५६ वर्षांचा माणूस आणि १५ वर्षांचे मांजर म्हणजे ७६ वर्षांचे आजी-आजोबा. पूर्वी मांजर घरात असे, पण घराचे नसे. ते दूध-भात खाई, उंदीर मारी, कौलांवरून हिंडे आणि एखाद्या दिवशी परत येत नसे. ते कशाने गेले याची चौकशी कोणी करीत नसे. आता सदनिकेत बंद दाराआड वाढणारी, लसीकरण झालेली मांजरे १५-१६ वर्षे सहज जगतात आणि त्यामुळे त्यांचे म्हातारपणही घरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर उलगडते. त्या म्हातारपणाचे काय करायचे, हा प्रश्न अनेक कुटुंबांना नव्यानेच पडलेला आहे.

विकार कळतो तेव्हा उशीर झालेला असतो

मांजराच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे २ लाख सूक्ष्म गाळण्या असतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या सरासरी १० लाखांच्या घरात असतात. या गाळण्या एकदा निकामी झाल्या, की पुन्हा तयार होत नाहीत. उरलेल्या गाळण्या अधिक काम करून तूट भरून काढतात आणि नेमके यामुळेच आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. साधारण दोनतृतीयांश कार्यक्षमता गेल्यावर मूत्र दाट करण्याची शक्ती कमी होते. मांजर भरपूर, पाण्यासारखे पातळ मूत्र टाकते आणि ती तूट भरून काढण्यासाठी भरपूर पाणी पिते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते ते त्याहूनही उशिरा, म्हणजे जवळपास तीनचतुर्थांश कार्यक्षमता नष्ट झाल्यावर.

इथे एक गफलत हमखास होते. मांजर भरपूर लघवी करते आहे, म्हणजे त्याची मूत्रपिंडे उत्तम आहेत, असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात परिस्थिती अगदी उलट असते. मूत्राचे प्रमाण भरपूर, पण त्यातून बाहेर पडायला हवी ती घाण मात्र रक्तातच साचत राहते. भूक मंदावते, मळमळ होते, तोंडाला उग्र वास येतो, अंगावरचे केस विस्कटलेले आणि निस्तेज दिसू लागतात. वजन तर निदानाच्या कितीतरी आधीपासून, काही मांजरांत दोन-तीन वर्षांपासून, हळूहळू घटत असते. पण लांब केसांच्या मांजराचे हाडाला लागलेले अंग बाहेरून कळत नाही. पाठीवरून हात फिरवल्यावर कण्याचे मणी बोटांना लागू लागले, की ते कळते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९८मध्ये स्थापन झालेल्या ‘आयरिस’ या पशुवैद्यकांच्या मंडळाने या विकाराचे चार टप्पे ठरवले आहेत. क्रिएटिनिन प्रति डेसिलिटर १.६ मिलिग्रॅमच्या खाली असताना पहिला टप्पा, २.८ पर्यंत दुसरा, ५ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. त्यामुळे अंगावर मांस न उरलेल्या म्हाताऱ्या मांजरात ते आहे त्याहून कमी भासते. ही उणीव काही अंशी भरून काढणारी ‘एसडीएमए’ ही रक्तचाचणी २०१५पासून वापरात आली. टप्पा ठरवताना एकाच तपासणीवर विसंबू नये, मांजराच्या शरीरात पुरेसे पाणी असताना काही आठवड्यांच्या अंतराने चाचणी पुन्हा करावी, असा संकेत आहे. जुलाब-उलट्यांनी शुष्क झालेल्या मांजराचा पहिला अहवाल पाहून घरातल्यांनी हाय खाण्याचे कारण नसते. रक्ताबरोबर मूत्राचीही तपासणी, त्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाब या तीन गोष्टी झाल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही. रक्तदाबाची तपासणी पुष्कळदा राहून जाते आणि ती राहणे फार महागात पडते. वरचा दाब १६० मिलिमीटरच्या पुढे टिकून राहिला, तर डोळ्यांचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. भिंतीला धडकणारे, बुबुळे विस्फारलेले मांजर दिसले, तर ती त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची वेळ असते.

हा आजार बरा होत नाही, हे पशुवैद्यकाने सांगितले की पुष्कळांचा धीर खचतो. पण बरा न होणे आणि लगेच मरणे यांत फार अंतर आहे. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानाच्या वेळी दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात असलेल्या मांजरांचे त्यानंतरचे मध्यक आयुष्य १,१५१ दिवस, तिसऱ्या टप्प्यातल्यांचे ७७८ दिवस आणि चौथ्या टप्प्यातल्यांचे १०३ दिवस आढळले. मांजराच्या आयुष्यात ३ वर्षे म्हणजे माणसाची १२ वर्षे. ती कशी जातील हे बरेचसे घरात काय घडते यावर ठरते. दवाखान्यात मांजर महिन्यातून तासभर असते, उरलेला सगळा काळ ते घरात असते.

दूध-भात आणि सुके बोंबील

सर्वांत मोठा फरक पडतो तो आहाराने. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधील संशोधकांनी २०००मध्ये ५० मांजरांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मूत्रपिंडविकारासाठीचा विशेष आहार घेणाऱ्या मांजरांचे मध्यक आयुष्य ६३३ दिवस, तर तो न घेणाऱ्यांचे २६४ दिवस होते. अमेरिकेत २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ४५ मांजरांवर दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवले गेले. नेहमीचा आहार घेणाऱ्या २३ पैकी ६ मांजरांना रक्तातील घाण अचानक वाढण्याचा झटका आला. विशेष आहारावरील २२ मांजरांपैकी एकालाही तो आला नाही. एखाद्या औषधाने असे आकडे दाखवले असते, तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता!

या आहाराचे मर्म प्रथिने कमी करण्यात आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. मर्म आहे ते फॉस्फरस कमी करण्यात. थकलेली मूत्रपिंडे फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाहीत. तो रक्तात साचतो, शरीरातली कॅल्शियमची घडी विस्कटते आणि उरल्यासुरल्या गाळण्याही लवकर नष्ट होतात. प्रथिने थोडी कमी, पण उत्तम प्रतीची असावी लागतात. कारण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी असून प्रथिने फार तोडली, तर ते स्वतःचेच स्नायू जाळू लागते. म्हणूनच घरात कोणाला डायलिसिस चालू असेल, तर त्या रुग्णाचे पथ्य मांजरालाही लावण्याचा मोह टाळावा. विशेषतः पाण्याच्या बाबतीत. डायलिसिसवरील माणसाला पाणी मोजून दिले जाते. मांजराला या आजारात पाणी कधीही, एका रात्रीपुरतेही, तोडू नये. रात्री गादी ओली करते म्हणून संध्याकाळनंतर वाटी उचलून ठेवण्याची पद्धत काही घरांत दिसते. तिच्यामुळे सकाळपर्यंत मांजराची प्रकृती धोक्यात येऊ शकते.

मराठी घरातल्या मांजराचे जेवण फॉस्फरसच्या दृष्टीने पाहिले, तर ते फारसे दिलासादायक नाही. किनारपट्टीवर सुके बोंबील, सुकट, मांदेली, मासळी साफ करताना उरलेली डोकी आणि काटे, हा मांजराचा परंपरागत वाटा. हाडे-काटे म्हणजे फॉस्फरसचा साठाच आणि सुक्या मासळीत वर मीठ. घाटावर दूध-पोळी, दूध-भात. दुधात फॉस्फरस तर आहेच, शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दूध नीट पचत नाही आणि त्यातून होणारे जुलाब आजारी मांजराचे पाणी आणखी कमी करतात. कोंबडीची काळीज-कलेजीही टाळलेली बरी. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर निरोगी मांजरालाही देऊ नये, कारण त्याने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. उकडलेली कोंबडी आणि मऊ भात हा पर्याय त्या मानाने बरा. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात फॉस्फरस फार कमी असतो, म्हणून तोही उपयोगी पडतो. मात्र केवळ कोंबडी-भातावर मांजराला कॅल्शियम, टॉरिन आणि काही जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. त्यामुळे घरचेच अन्न द्यायचे असेल, तर पशुवैद्यकाकडून त्यात काय घालायचे ते लिहून घ्यावे. मूत्रपिंडविकारासाठीचे तयार अन्न मोठ्या शहरांत मिळते. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के ओलावा असतो, तर पाकिटातल्या ओल्या अन्नात तो पाऊणपट किंवा अधिक असतो. परवडत असेल तर ओले अन्न श्रेयस्कर.

आता खरी अडचण. मांजर ते खात नाही. आठ दिवस तर दूरच, दुसऱ्याच दिवशी वाटीकडे पाठ फिरवून बसते आणि घरातली आजी हळूच एक मांदेली टाकते. इथे आजीची बाजू अगदीच चुकीची नाही. पथ्याचे अन्न न खाता उपाशी राहिलेल्या मांजरापेक्षा चुकीचे अन्न खाणारे मांजर अधिक काळ जगते. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेले नाही, तर मांजराच्या यकृतात चरबी साचून कावीळ होते आणि तो स्वतंत्र जीवघेणा आजार ठरतो. म्हणून बदल सावकाश, तीन-चार आठवड्यांत करावा. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या अन्नात चमचाभर नवे, मग थोडे अधिक. अन्न किंचित कोमट केले, तर त्याचा वास उठतो आणि वास आला तरच मांजर खाते. मळमळ चालू असताना नवे अन्न पुढे करू नये. मांजर त्या अन्नाची आणि मळमळीची सांगड घालते आणि ते अन्न कायमचे टाकते. ओठ चाटणे, लाळ गळणे, वाटीपाशी उत्सुकतेने येऊन वास घेऊन मागे फिरणे, ही मळमळीची चिन्हे. त्यावर गुणकारी औषधे आहेत. भूक वाढवणारी औषधेही आहेत. त्यांपैकी मिर्टाझपिन हे कानाच्या आतल्या भागाला मलमासारखे चोळण्याच्या स्वरूपात अमेरिकेत २०१८मध्ये मंजूर झाले. आपल्याकडे पशुवैद्यक त्याच औषधाच्या माणसांच्या गोळीचा अगदी लहान तुकडा लिहून देतात. हे सगळे करूनही मांजराने पथ्य स्वीकारले नाही, तर आवडत्या अन्नात मिसळून देण्याची, फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणारी पावडर पशुवैद्यक सुचवतात. ती अन्नाबरोबरच द्यावी लागते. रिकाम्या पोटी दिलेल्या पावडरीचा काही उपयोग नाही.

पाण्याविषयी थोडक्यात. वाट्या दोन-तीन ठिकाणी, जेवणापासून आणि मातीच्या ट्रेपासून दूर ठेवाव्यात. भांडे पसरट असावे, म्हणजे मिशा कडेला लागत नाहीत. कित्येक मांजरांना स्टीलच्या वाटीपेक्षा मातीचे किंवा काचेचे भांडे आवडते, काहींना नळाचे थेंब. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात वाट्यांतले पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे. मांजराला अन्नातले धरून दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे ४ किलोच्या मांजराला पेलाभर. मोजून भरलेली वाटी २४ तासांनी पुन्हा मोजली, तर पिणे वाढते आहे की घटते आहे, हे अंदाजाने बोलावे लागत नाही.

घरी सलाईन

आजार वाढला, की मांजर पिते त्याहून अधिक पाणी मूत्रावाटे गमावते. बद्धकोष्ठ होतो, खाणे सुटते, मानेवरची चामडी चिमटीत धरून सोडली तर चटकन जागेवर जात नाही. अशा वेळी त्वचेखाली सलाईन देण्याचा उपाय सुचवला जातो आणि बहुतेक घरांत याच टप्प्यावर शांतता पसरते. रोज किंवा दिवसाआड, वातानुकूलित दवाखान्यात, रिक्षातून, पिंजऱ्यात कोंडून न्यायचे? त्या प्रवासानेच मांजर अर्धमेले होते. घरी सुई टोचायची? हात धजत नाही.

ही क्रिया शिरेतून सलाईन देण्याइतकी अवघड नाही. शीर शोधावी लागत नाही. मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये मांजराची चामडी सैल असते. आई पिलाला उचलते तीच जागा. ती चिमटीत उचलली, की एक तंबू तयार होतो आणि त्या तंबूत सुई सरकवायची असते. त्या भागात संवेदना कमी असते. सरासरी आकाराच्या मांजराला एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर द्रव दिला जातो. किती आणि किती दिवसांनी, हे मात्र पशुवैद्यकानेच ठरवायचे. पहिल्या दोन-तीन खेपा त्यांच्यासमोर, आपल्या हातांनी कराव्यात. बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणावी, मनगटावर थेंब टाकून पाहावा. थंडगार द्रव अंगात शिरला, तर कोणतेही मांजर उठून जाईल. बाटली खिडकीच्या गजाला किंवा कपड्यांच्या दांडीला उंच टांगली, की धार वेगाने वाहते आणि सगळे पाच-दहा मिनिटांत आटोपते. सुई प्रत्येक वेळी नवी. बोथट सुई दुखते, आणि एकदा दुखले की पुढच्या वेळी मांजर कपाटावर जाऊन बसते. दिल्यानंतर खांद्यावर पाण्याची पिशवी दिसते, कधी ती एका पायाकडे उतरते. काही तासांत ती जिरते. घाबरण्याचे कारण नसते.

काळजीची कारणे वेगळी आहेत. औषधाच्या दुकानात रिंगर लॅक्टेटची बाटली आणि ग्लुकोज असलेल्या सलाईनची बाटली शेजारी शेजारी, जवळजवळ सारख्या दिसतात. ग्लुकोजचे सलाईन त्वचेखाली देऊ नये, त्याने दाह होतो आणि गळू होण्याची भीती असते. बाटलीवरचे नाव दर वेळी वाचावे. मांजराला हृदयविकार असेल, तर जादा द्रव फुप्फुसांत साचतो. स्वस्थ बसलेल्या मांजराचा श्वास जलद वाटला, तर सलाईन थांबवून लगेच दवाखान्यात जावे. आधीची पिशवी दुसऱ्या दिवशीही जिरली नसेल, तर नवे देऊ नये. आणि सुरुवातीच्या टप्प्यात, मांजर स्वतः पुरेसे पाणी पीत असताना, ‘असावे बरे’ म्हणून सलाईन देणे उपयोगाचे नाही. त्यातील मिठाचा भार उगाच पडतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. ओल्या कचऱ्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते, हे विसरता कामा नये.

घरातल्या औषधांच्या डब्यापासून सावध

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन, मूत्रातून प्रथिने जात असतील तर टेल्मिसार्टन किंवा बेनाझेप्रिल, पोटॅशियम घटल्यास त्याची पावडर, रक्तक्षयावर तांबड्या पेशी वाढवणारी इंजेक्शने, असा औषधांचा पसारा हळूहळू वाढत जातो. पोटॅशियम घटल्याची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. मांजर मान वर उचलू शकत नाही, हनुवटी छातीकडे झुकलेली राहते. यांतली काही औषधे आजी-आजोबांच्या डब्यातही असतात आणि त्यामुळे धोका निर्माण होतो. नाव तेच, पण मात्रा माणसाची. मांजर लंगडते आहे, कण्हते आहे असे वाटून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली, तर तेवढ्यानेही ते दगावू शकते. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. वेदनाशामक गोळ्या तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाच कमी करतात. डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडे निकामी होऊन भारतातली गिधाडे कशी संपत आली, हे २००४मध्ये सिद्ध झाले आणि २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ते उदाहरण मांजराच्या मालकांनीही ध्यानात ठेवावे. ‘किडनी साफ करणारे’ म्हणून शेजाऱ्यांनी आणून दिलेले चूर्ण किंवा काढा तितक्याच ठामपणे नाकारावा. फुलदाणीतली लिलीसुद्धा मांजरासाठी जहाल विष आहे. तिचे पान चावले किंवा अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडे तीन दिवसांत बंद पडू शकतात. लग्नसमारंभातून येणारे पुष्पगुच्छ मांजराच्या घरात आणूच नयेत, हे उत्तम.

जपानमधील संशोधक तोरू मियाझाकी यांनी २०१६मध्ये मांजरांच्या रक्तातील ‘एआयएम’ नावाच्या प्रथिनाविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून मांजरांना दीर्घायुषी करणाऱ्या औषधाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. हे प्रथिन मांजरात दुसऱ्या एका रेणूला इतके घट्ट चिकटलेले असते, की मूत्रपिंडातला मृत पेशींचा गाळ काढण्याचे त्याचे काम नीट होत नाही, असा तो सिद्धान्त. संशोधन महत्त्वाचे आहे. पण त्याच्या आशेवर आजच्या मांजराचे पथ्य सैल करणे शहाणपणाचे नाही.

वही, वजनकाटा आणि गणपतीची सुटी

शुश्रूषेत सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक वही. वजन, खाणे, पाणी, उलटी, शौच आणि सलाईन, एवढ्या नोंदी पुरतात. वजन आठवड्यातून एकदा, स्वयंपाकघरातल्या किंवा बाळाच्या वजनकाट्यावर करावे. माणसाच्या काट्यावर मांजराला उचलून उभे राहिले, तर बारीक फरक कळत नाही. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो घटणे. मातीच्या ट्रेमधल्या ओल्या गोळ्यांची संख्या आणि आकार पाहण्याची सवय ठेवावी. गोळे अचानक लहान झाले किंवा नाहीसेच झाले, तर ती आनंदाची नव्हे, संकटाची खूण आहे. म्हाताऱ्या मांजराचे सांधेही दुखत असतात. त्याला उंच कडेचा ट्रे ओलांडता येत नाही आणि मग ते गादीवर लघवी करते. त्याबद्दल त्याला ओरडण्याऐवजी ट्रेची एक कड कापून खाली करावी, गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी अंथरावी.

अडचण येते ती सणासुदीला. गणपतीत कुटुंब आठ दिवस कोकणात जाते आणि मांजरासाठी खाली राहणाऱ्या मुलाकडे किल्ली देऊन जाण्याची जुनी सोय आता पुरत नाही. सलाईन कोण देणार, गोळी कोण भरवणार? यासाठी एक-दोन माणसे महिनाभर आधी तयार करावी लागतात आणि मांजराला त्यांच्या हातांची सवय लागावी लागते. नाहीतर घरातल्या एकाने मागे राहावे. पुष्कळ घरांत ते मागे राहणे सुनेच्या किंवा निवृत्त वडिलांच्या वाट्याला येते आणि त्याची कुठे गणना होत नाही. रोज सुई टोचणारा हात एकच असेल, तर तो माणूस वर्षभरात थकतो. काम वाटून घेणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. खर्चाचेही तसेच. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा १८८६मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, अशा संस्थांची सोय शहरवासीयांना आहे. तालुक्याच्या गावी मात्र बहुतेक पशुवैद्यकांचा दिवस गाई-म्हशींत जातो आणि मांजराच्या रक्तदाबाचे यंत्र तिथे नसते. अशा ठिकाणी निदान रक्त आणि मूत्र यांची तपासणी माणसांच्या प्रयोगशाळेतूनही करता येते का, हे पशुवैद्यकाला विचारावे. अहवालातल्या सामान्य मर्यादा माणसाच्या छापलेल्या असतात, त्या पाहून स्वतः अर्थ लावू नये.

किती दिवस?

हा प्रश्न घरात प्रत्येकाच्या मनात असतो आणि कोणी उच्चारत नाही. सलाईन देत राहिले, गोळ्या भरवत राहिले, तर मांजर जगते, पण कोणासाठी? त्याचे उत्तर एका अहवालातल्या आकड्यात नसते. क्रिएटिनिन ६ असूनही खिडकीत ऊन खात बसणारी, हाक मारल्यावर शेपटी हलवून दखल घेणारी मांजरे असतात. उलट, त्याहून कमी आकड्यावर पलंगाखाली अंधारात तोंड करून बसणारीही असतात. पशुवैद्यक त्यासाठी मांजराच्या तीन-चार आवडी लिहून काढायला सांगतात. दाराशी येणे, अंग चाटून स्वच्छ ठेवणे, विशिष्ट खुर्ची, विशिष्ट माणसाची मांडी. त्यांतल्या बहुतेक सुटल्या, वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक झाले, तोंडातल्या व्रणांमुळे पाणीही नकोसे झाले, झटके येऊ लागले, तर उपचार थांबवण्याचा विचार करावा लागतो.

आपल्याकडे त्या प्राण्याला ‘सोडवणे’ हे पाप मानणारी घरे आहेत, तशीच आजाराचे नाव ऐकताच इंजेक्शनची मागणी करणारीही आहेत. दोन्ही टोकांच्या मधला काळ मोठा आणि मोलाचा असतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा कायदा असह्य यातनेतील प्राण्याचे जीवन संपवण्याचा मार्ग मोकळा ठेवतो. तो निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्यावा लागतो. प्रथम गुंगीचे इंजेक्शन दिले जाते, मांजर झोपते आणि नंतर दिलेल्या औषधाने काही क्षणांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास आल्यासारखा भास होतो. हे आधी सांगितलेले असेल, तर सोबत बसलेल्या माणसाला धक्का बसत नाही. काही पशुवैद्यक यासाठी घरी येतात. ते येतील का, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, घरातले अंतिम मत कोणाचे आणि देह कुठे न्यायचा, या चार गोष्टी मांजर अजून खात-पीत असतानाच विचारून त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात.